टिटवीची अंडी आणि बहिरी आत्या

सांगतो, पण एकदाच. जेवून जरा आडवा झालो की नेमकी तुम्हाला गोष्ट आठवते. लहानांनी पुढं सरका, मोठ्यांनी विड्या विझवा, आणि मधेच ‘मग काय झालं’ विचारायचं नाही. जे झालं तेच सांगतोय ना!

फार मागं, कुणाच्या आज्यालाही आठवत नाही तेव्हा, एका माळाच्या कडेला एक गाव होतं. माळावर ना झाड ना ओढा. नुसते खडे, खुरटं गवत आणि पाखरं. चंडोल होते, तितर होते, आणि सगळ्यांवर आवाज चढवणारी टिटवी होती.

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर खड्यांतच अंडी घालते, आणि ती अंडीही खड्यांसारखीच दिसतात.

त्या गावची एक रीत होती. पेरणीआधी एके सकाळी सगळं गाव माळावर पाखरं बघायला जायचं. टिटवीची अंडी ज्याला आधी दिसतील, त्याच्या रानात गावची सगळी बैलं लावून पहिली पेरणी व्हायची. आणि पिल्लं पळती होईस्तोवर त्या जागेकडं कुणी ढोरं न्यायची नाहीत.

दरसाल हा मान एक पैलवान पटकवायचा. धिप्पाड गडी. त्यानं हाक मारली की शेजारच्या गावची कुत्री भुंकायची.

त्याच गावात एक आत्या होती. सगळ्या गावाची आत्या, पाटलाचीसुद्धा. तिच्याकडं एकच बैल. एका बैलानं औत चालत नाही, म्हणून तिचं रान सगळ्यांच्या मागून पेरलं जायचं आणि पीक गुडघ्याएवढं यायचं. यंदा काही झालं तरी मान मिळवायचा, असं तिनं ठरवलं होतं. आणि नेमके गेल्या थंडीत तिचे कान पार गेले.

“तू कशाला येतेस?” शेजारणीनं हातवारे करून विचारलं. “टिटवी ओरडलेली तुला ऐकू येणार का?”

“तुझी बडबड ऐकू येत नाही, तेवढंच पुण्य,” आत्या म्हणाली आणि चालू लागली.

माळावर पाय पडले तशी टिटवी उठली. काय तिचा कालवा! डोक्यावरून घिरट्या घालत ती लांब गेली, खाली बसली, पंख मोडल्यासारखी फरपटत निघाली. अंडी तिकडंच असणार म्हणून गाव तिच्या मागं धावलं. कुणाचं पागोटं पडलं, कुणी निवडुंगात बसला.

दरसाल आत्याही धावायची. यंदा तिला कालवा ऐकूच आला नाही, मग धावायचं कशापायी? ती एका धोंड्यावर बसली, कपाळावर हात धरला आणि बघत राहिली.

तेव्हा तिला दिसली दुसरी टिटवी. ही चोच उघडत नव्हती. मान खाली घालून, चोरासारखी, चार पावलं चालायची, थांबायची, बघायची. मग एका जागी अलगद बसली.

आत्या उठणार तोच लांबून पैलवान गरजला, “सापडली! थांबा सगळे! जवळ आलात तर टिटवी अंडी टाकून जाईल!”

दरसालासारखं गाव जागच्या जागी थांबलं. लांबूनच गोल गोल काहीतरी बघून माना डोलवू लागलं.

आत्याला यातलं काही ऐकू गेलं नाही. सगळे का थिजलेत, साप निघाला की काय, म्हणून ती तरातरा थेट पैलवानापाशी गेली.

“आत्ये, थांब! थांब म्हणतो ना!”

आत्यानं वाकून एक अंडं उचललं.

“अगं, फुटेल!” पाटील किंचाळला.

आत्यानं ते दुसऱ्यावर आपटलं. ठक्क! ठिणगी उडाली.

“पैलवाना,” ती म्हणाली, “असली अंडी माझ्या बांधावर पाटीभर पडलीत. कालवण करून घालू का तुला?”

गाव पोट धरून हसलं. पाटील तेवढा हसला नाही.

“दरसाल हेच दाखवत होतास होय रे?”

“लांबून... सारखीच दिसतात, पाटील,” पैलवान पुटपुटला. त्याचा एवढा हळू आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला.

मग आत्यानं सगळ्यांना आपल्या धोंड्यापाशी नेलं आणि बोट केलं. तिथं टिटवी बसली होती. ती जरा उठली, तशी पोटाखाली चार ठिपकेदार अंडी दिसली.

“म्हणजे इतकी वर्षं आपण दगडं राखली,” पाटील हळूच म्हणाला, “आणि खऱ्या अंड्यांवरून ढोरं नेली.”

त्या साली गावची सगळी बैलं आधी आत्याच्या रानात चालली. ज्वारी अशी माजली की तिचा बैल आत शिरला तर शिंगंही दिसेनात. आणि पैलवानाला शिक्षा मिळाली ती अंडी राखायची, तोंडातून आवाज न काढता. तो नुसता हात हलवून ढोरं हाकायचा. पिल्लं निघाली, कापसाच्या बोंडासारखी, आणि त्याच्या पायांमधून पळाली, तेव्हा हा एवढा गडी ओठ दाबून हसला. पुढं माळावरची पाखरं बघावीत ती त्यानंच.

तर ध्यानात ठेवा: जिथं आरडाओरडा फार, तिथं अंडी नसतात.

आणि टिटवी झाडावर अंडी घालते असं पारावर बसून बोंबलणारा, वर चारचौघांत मलाच येडा म्हणणारा एक जण अजून माफी मागायचा राहिलाय. म्हादबा शेलार त्याचं नाव.