साळूचं पोलादी कुलूप

जनावरंसुद्धा दाराला कडी घालत, तेव्हाची ही गोष्ट. एका काटेरी साळूने कोठारात वर्षभराचे कंद भरले होते. तिचा कुणावरच विश्वास नव्हता. शेजारच्या खेकड्याच्या नांग्या पाहून तर तिला घासच गोड लागेना. बाजारातली सगळी कुलपं दाताने कुरतडून पाहून तिने एक जाडजूड पोलादी कुलूप आणलं. ते कुणालाच कापता आलं नसतं.

पण कुलूप लावून ती चार पावलं गेली की परत यायची आणि हिसका देऊन बघायची, "लागलंय ना नक्की?"

"मालकीणबाई, कुलूप पक्कं आहे हो," दारावरचा कोयंडा कण्हला, "पण तुमच्या हिसक्यांनी माझे खिळे ढिले होतायत."

"तू खेकड्याला सामील दिसतोस!" साळू फणकारली. तिने मुद्दाम आणखी दोन हिसके दिले आणि ती रानात गेली.

परतली तेव्हा दार सताड उघडं होतं. रानडुकरांनी एकही कंद शिल्लक ठेवला नव्हता. कुलूप कोयंड्यासकट मातीत पडलं होतं.

"खेकड्याने कापलं ना तुला?" साळू किंचाळली.

"छे! दार वाऱ्याने उघडलं," कुलूप म्हणालं. "मी अजून बंदच आहे, बाई. हवं तर ओढून बघा."