मुंगसाचं नवं मूळ

फार मागं, रानातली औषधं पुड्या बांधून गावोगाव जायची, तेव्हाची ही गोष्ट. पुड्या बांधणारे पुष्कळ, पण सगळ्यांचा मेळ घालून पाठवायचं काम कासवआजीचं.

एकदा मुंगूस नेहमीच्यापेक्षा दुप्पट जालीम औषधी मूळ घेऊन आलं. "जुनं फेक, आजी, हेच पाठव."

"तुझं मूळ आणखी कोण कोण आपल्या औषधात घालतं?" आजीनं विचारलं.

"मला काय ठाऊक? माझी पुडी चोख आहे."

"मग थांब बाबा." आजी दारोदार विचारत निघाली. मुंगूस कुरकुरत मागं चाललं.

तिसऱ्या दारी ससा हरिणीच्या पाडसासाठी तापाचा काढा करत होता. नवं मूळ दुप्पट जालीम आहे, हे आजीकडून ऐकून त्याचे हात थांबले. "जुन्या मापानं घातलं असतं तर पोर गेलं असतं गं." त्यानं मुंगसाकडून नवं मूळ घेतलं आणि निम्मंच घातलं.

पाडसाचा ताप उतरला. हरिणीनं मुंगसाचे पाय धरले. मुंगूस मान खाली घालून म्हणालं, "माझे नको, आजीकडे जा."

आजी घरी नव्हती. अजून बरीच दारं विचारायची राहिली होती.