परडीतला पंप

“मग इतकी वर्षं माझ्या हातात तांब्या कशाला दिलात, आक्का?”

गोदाक्का ओट्यावर बसून तुळशीची पानं निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मार्तंड अंगणात उभा होता. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. टेकडीवरच्या त्या लहानशा आश्रमात आक्कांच्या खालोखाल मान त्याचाच.

पाऊस सरता सरता गवत फुलायचं, आणि आसपासच्या गावांतली माणसं शिंकून शिंकून बेजार व्हायची. लाल डोळे, गळती नाकं घेऊन टेकडी चढून यायची. आक्का त्यांना नेती शिकवायच्या. पाणी चांगलं उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, चिमूटभर मीठ घालायचं, आणि तोटीच्या तांब्याने एका नाकपुडीतून सोडून दुसरीतून काढायचं. गवत कापताना नाकातोंडाला ओलं फडकं बांधा, निजण्याआधी केस धुवा, अंथरुणं वाऱ्यावर वाळत घालू नका. एवढंच. “शिंका कमी होतील,” असं त्या म्हणायच्या, आणि पुष्कळांच्या व्हायच्याही.

पुढे आक्का थकल्या आणि शिबिरं मार्तंडाकडे आली. मार्तंडाची वाणी मोठी. ‘कमी होतील’चं ‘जातील’ झालं. मग नाकाबरोबर छातीही धुऊन निघू लागली. व्यासपीठाजवळ त्याने वेताची एक परडी ठेवली. ज्याची श्रद्धा असेल त्याने आपल्या गोळ्या, आपला पंप त्या परडीत टाकावा. लोक टाकायचे. टाळ्या पडायच्या.

गेल्या शिबिरात पायथ्याच्या कुसवाडीतल्या सगुणाने तिचा दम्याचा पंप टाकला होता.

काल संध्याकाळी, गवताचे भारे वाहून झाल्यावर, तिच्या नवऱ्याने तिला पाठीवर घेऊन टेकडी चढवली. दवाखाना तालुक्याला, आणि पंप इथे. तिचे ओठ निळे पडले होते. मार्तंड तांब्या घेऊन पुढे झाला. आक्कांनी त्याला हाताने बाजूला सारलं, भरल्या अंगणात परडी उलटी केली, पंप शोधून तिच्या तोंडाला लावला, आणि जीप बोलावून तिला दवाखान्यात धाडलं.

मग त्या कोणाशीही न बोलता आत निघून गेल्या होत्या.

“सगळ्यांसमोर, आक्का!” मार्तंड ओट्याजवळ सरकला. “माझी परडी सगळ्यांसमोर उलटी केलीत!”

“हं.”

“लोक काय म्हणतील? यांचा यांच्याच विद्येवर भरवसा नाही म्हणतील! मी त्या बाईला बजावलं होतं, सुरुवातीला त्रास वाढतो, घाबरायचं नाही. ती घाबरली. श्रद्धाच कच्ची तिची! आणि तुम्ही तिला सावरायचं सोडून तिच्याच भीतीची बाजू घेतलीत.”

आक्कांनी निवडलेली पानं बाजूला सारली.

“नेती तुमची. तांब्या तुमचा. मी काय खोटं सांगितलं? सांगा ना…”

आक्का उठल्या. न्हाणीमागच्या पपईचं एक पान त्यांनी देठासकट तोडलं. पान टाकून दिलं. देठाचा टोकाकडचा बारीक तुकडा विळीवर कापला, चीक धुऊन काढला आणि तो मार्तंडापुढे धरला. आतून पोकळ, नळीसारखा.

“तोंडात धर.”

“कशाला?”

“धर. नाक दाबून ठेव. वरच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत जाऊन ये. श्वास या नळीतूनच घ्यायचा.”

मार्तंड तरातरा निघाला. रागाच्या भरात पहिल्या पायऱ्या तर तो पळतच चढला. एवढ्याशा देठाचं काय, असा त्याचा तोरा होता.

निम्म्या वाटेवर त्याचे पाय जड झाले. टाक्याला हात लावून तो वळला तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती. हवा आत येत होती, पण पुरत नव्हती. अंगणात पोचेपर्यंत कानात ठोके घुमू लागले.

“आता शिबिरात सांगतोस ते सांग,” आक्का म्हणाल्या.

“त्रास… वाढतो…”

“पुढे?”

मार्तंडाने नाक सोडलं, नळी थुंकून टाकली, आणि ओट्याचा आधार घेऊन तो घटाघटा हवा पिऊ लागला.

“काढलीस?”

तो मातीत पडलेल्या नळीकडे बघू लागला.

“तिला काढता येत नव्हती.”

पपईवर कावळा येऊन बसला, उडून गेला. मार्तंडाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. एकाएकी त्याने कोनाड्यातला तांब्या उचलला.

“मग थोतांडच ना हे सगळं! फेकून देतो दरीत. आजपासून—”

“ठेव खाली!”

आक्कांचा एवढा चढा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

“मी तुला नाक धुवायला शिकवलं. दमा धुवायला कधी शिकवलं होतं? भांड्यावर काय राग काढतोस? आणि माझाही राग तुझ्यावर निघतोय, तो सगळा तुझ्यावरचा नाही. ती परडी पहिल्या दिवशी पाहिली तेव्हाच मी ती उलटी करायला हवी होती. टाळ्या मलाही गोड लागल्या.”

मार्तंडाने तांब्या खाली ठेवला. सकाळपासून तो अपमानाबद्दल बोलत होता, विद्येबद्दल बोलत होता, लोकांबद्दल बोलत होता. एक गोष्ट मात्र त्याने विचारलीच नव्हती.

“आक्का… ती कशी आहे?”

“वाचली. पहाटे निरोप आला. प्राणवायू लावलाय. एक शब्द बोलली तरी धाप लागते.”

मार्तंडाने डोळे पुसले. मग अंगणात अजून तशाच पडलेल्या गोळ्या आणि पंप तो एकेक करून वेचू लागला.

“आधी हे ज्याचं त्याला घरी नेऊन देतो,” तो म्हणाला. “मग तालुक्याला जातो. तिच्या पायावर डोकं ठेवतो. सगळ्या दवाखान्यासमोर माफी मागतो तिची.”

आक्का पुन्हा तुळशीपाशी बसल्या होत्या.

“जा. शेजारी बस. पाणी दे. पण माफी मागू नकोस.”

“का, आक्का?”

“तिला उत्तर द्यावं लागेल.”