पाऊल पडेल तो रस्ता

"उठव त्या म्हशी! रस्त्यात लोळायला बंदी आहे!" गुडघाभर पाण्यात उभा राहून शिपाई ओरडला.

धुरपा गवळण बघतच राहिली. "अवं, ह्ये तळं हाय!"

"कालपर्यंत होतं. आज सकाळी महाराजांनी त्यात पाय बुडवला!"

निंबवाडी राज्यात सामील झाली तेव्हाच करार ठरला होता. वेशीच्या आत कारभार गावाचा, रस्ता तेवढा राजाचा. आणि राजाच्या रस्त्यावरून जायला कुणालाही मज्जाव नाही. पण यंदा होळी आधी कुणी पेटवायची यावरून राजा रणधवल आणि गाव यांचं बिनसलं. लगेच प्रधानाने कराराचा नवा अर्थ काढला: राजाचं पाऊल पडेल तो रस्ता! झालं, महाराज पावलं टाकत सुटले. शेतात, खळ्यात, लोकांच्या माजघरात! पाटलाच्या छपरावरही चढून आले. कौलं फुटली ती वेगळीच.

पाण्यावाचून म्हशींनी पान्हा चोरला. धुरपाचा जीव तुटला आणि तिने दरबार गाठला.

"माझं पाऊल पडूनही रस्ता झाली नाही अशी एक जागा दाखव," राजा मिशीवर ताव देत म्हणाला, "तळं परत!"

"उद्या येते, महाराज."

दुसऱ्या दिवशी ती आली ती सगळ्या म्हशी घेऊनच. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला.

"महाराज हितनं चालत्यात का न्हाई?"

"रोज चालतात."

"मग ह्यो रस्ता! हो बाजूला!"

पहारेकऱ्याने डोकं खाजवलं आणि भाला बाजूला घेतला. म्हशी थेट दरबारात! एकीने प्रधानाचं उपरणं चघळायला घेतलं.

"हे काय चाललंय?" राजा पाय वर घेऊन सिंहासनावर उकिडवा बसला.

"बाजाराला चाललीय, महाराज. दरबारातनं मुदपाकखाना, तिथनं तुमचं शेजघर, की आलाच बाजार! उद्यापास्नं गावच्या बैलगाड्या बी हितनंच येतील."

"शेजघरातून? अगं, हा रस्ता नाही!"

"पाऊल पडलंय की तुमचं!"

"पाऊल पडलं म्हणून कुठे रस्ता होतो होय?"

प्रधानाने कपाळाला हात लावला.

"चला गं बायांनो, तळ्यावर!" धुरपाने म्हशी वळवल्या. "महाराजांनीच निकाल दिला!"

राजा आधी गोरामोरा झाला, मग असा हसत सुटला की मुकुट कानावर आला. त्याने तळं, शेतं, माजघरं सगळं गावाला परत केलं आणि गळ्यातला कंठा काढून धुरपाला दिला. तेवढ्यात त्याचं लक्ष खाली गेलं. "अगं, पण हे शेण कोण काढणार?"

"वाड्याच्या आतला कारभार तुमचा, महाराज," धुरपा दारातून म्हणाली. "त्यात गावानं कसा हात घालायचा?"

राजा पुन्हा पोट धरधरून हसला आणि प्रधानाच्या हातात घमेलं दिलं.