दुपारी बघायचे दिवे

एक जंगल होतं. जंगलाच्या मधोमध एक माळ होता, आणि माळाला एक सरकारी खातं होतं. हिवाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडून येणारे करकोचे या माळावर उतरायचे, म्हणून त्याला पंखतळ म्हणत. करकोचे दिवसभर उडून तिन्हीसांजेनंतर पोचत, तेव्हा माळाच्या कडेने उजेड लागे. हे काम कंत्राटी काजव्यांकडे होतं. काजवे पावसाळा संपला की कामावर येत नसत, आणि करकोचे नेमके पावसाळा संपल्यावर येत. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण लक्षात येणं हा विषय दुसऱ्या खात्याकडे होता.

पंखतळाच्या खात्यात टिटवी नव्याने लागली होती. विज्ञान शिकलेली, त्यामुळे तिला प्रश्न पडत. करकोच्यांची पुढारीण भागाक्का मागच्या वर्षी काळोखात थव्यासह बाभळींत शिरली आणि तिच्या दोन पिल्लांचे पंख मोडले, तेव्हा टिटवी तिथेच उभी होती. "पुढच्या खेपेला दिवे असतील, अक्का," असं ती बोलून गेली होती.

म्हणून तिने योजना मांडली. माळावर सौर पाट्या, कडेने दिवे, आणि एक मोठी बॅटरी.

अस्वलमहाराजांनी बॅटरीकडे बराच वेळ पाहिलं. "यात दिसतं काय?"

"काही नाही, महाराज. दिवसाचा सूर्य यात भरून ठेवायचा आणि अंधारात काढायचा."

"मग फोटो कशाचा काढायचा?"

पंखतळाचे सचिव उदमांजरसाहेब यांना तर बॅटरीचं प्रयोजनच कळेना. ते रात्री हिंडणारे, त्यांना अंधारात स्वच्छ दिसे. "मला अडचण येत नाही," असा शेरा त्यांनी मारला. पण पाट्या चकचकीत होत्या, त्या सगळ्यांना आवडल्या, आणि पाट्यांच्या भरात बॅटरीही मंजूर होऊन गेली.

उद्घाटन भर दुपारी झालं. "सूर्य आपला, दिवे आपले, मग अंधार कोणाचा?" महाराजांनी विचारलं.

"विरोधकांचा," जमाव म्हणाला. महाराजांनी पंजाने बटण दाबलं. दिवे लागले असावेत. उन्हात नक्की कळलं नाही.

आता त्या राज्याची एक रीत होती. महाराजांच्या पंजाने जे सुरू झालं, ते कोणी थांबवायचं नाही. त्यांनी सुरू केलेला एक नळ अजून वाहत होता. पलीकडच्या सशांनी त्याला नदी समजून पुलाची मागणी केली होती आणि पूल मंजूरही झाला होता. त्याच रीतीने माळावरचे दिवे दिवसभर जळू लागले. पाट्यांवर जेवढी वीज तयार होई तेवढी दिवे तिथल्या तिथे खाऊन टाकत. सूर्य बुडाला की तेही बुडत. बॅटरी कोरडीच.

टिटवी सचिवांकडे गेली. "साहेब, दिवसा दिवे शांत करू या. तरच बॅटरी भरेल. करकोचे निघालेत."

"महाराजांनी लावलेला दिवा शांत करायचा? बाई, तुमची जात आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी. आम्ही त्यावर खातं चालवायचं का?"

मग टिटवीने दुसऱ्या दिवशी उजाडताच गुपचूप दिवे बंद केले. कोणालाच कळलं नाही. उन्हात दिवा लागलाय की नाही हे बघायला जवळ जावं लागतं, आणि सरकारी दिव्याजवळ कोण जातं? बॅटरी भरू लागली. टिटवी दर थोड्या वेळाने तिच्यावर कान ठेवून बसे. तसं करून काही कळत नाही हे तिला माहीत होतं, तरी बसे.

विरोधी पक्षाचं वानर मात्र खोडी काढायला दिव्यावर चढलं आणि तो त्याला गार लागला. "दिवे बंद आहेत," असं ओरडत ते जंगलभर फिरलं. विरोधी पक्ष आजवर बरंच बोलला होता. खरं हे पहिल्यांदाच.

सरकारने भर दुपारी जाहीर पाहणी ठेवली. सगळं जंगल जमलं. सचिवांनी टिटवीला पुढे केलं. "तज्ज्ञ सांगतील."

टिटवीने गर्दीकडे पाहिलं. बंद म्हटलं, तर दिवे लागणार, भरलेली वीज उतरणार, आणि भागाक्का पुन्हा बाभळीत.

"चालू आहेत," ती म्हणाली.

"दिवसरात्र?"

"दिवसरात्र."

टाळ्या झाल्या. वानराच्या दृष्टीत दोष निघाला आणि मतदार यादीतून त्याचं नाव निघालं.

"दिवे दिवसरात्र उन्हावरच चालतात, हे आता तज्ज्ञांनीच सांगितलंय," उदमांजरसाहेब प्रसन्नपणे म्हणाले. "मग ही बॅटरी अडगळच की. उचला."

"साहेब, रात्री ऊन नसतं."

"मघाशी बोलल्या असतात तर नोंद घेतली असती."

ऊन कलायच्या आत बॅटरी राजवाड्यावर गेली. महाराजांच्या गच्चीवर रोषणाई करायची राहून गेली होती.

त्याच तिन्हीसांजेला करकोचे आले. माळ काळाकुट्ट. टिटवी बाभळींवर घिरट्या घालत घसा फुटेपर्यंत ओरडत राहिली, "इथे नका, वर राहा, वर राहा." थवा वर उठला, दूरवरचा एकमेव उजेड हेरून तिकडे वळला, आणि महाराजांच्या गच्चीवर एकावर एक उतरला. पंख कोणाचाच मोडला नाही. महाराजांचं मधाचं मडकं फुटलं.

"शब्द पाळलास, पोरी," भागाक्का कठड्यावर पाय जुळवत मागोमाग आलेल्या टिटवीला म्हणाली. "तळ तेवढा लहान केलाय यंदा."



सचिवांनी रातोरात निवेदन काढलं: परदेशी पाहुणे थेट महाराजांच्या दारी, जगात प्रथमच. मग पंखतळाची गरज उरली नाही, तेव्हा माळ महाराजांचे स्नेही तरसशेठ यांना दिला. दिवे मात्र काढता येईनात, कारण ते महाराजांच्या पंजाचे.

ते अजूनही चालू आहेत. बघायला दुपारीच जावं लागतं. रात्री जाऊन बघणाऱ्यांवर राजद्रोहाचं कलम लागतं.