आमचा गुरुवार

पुण्यातल्या आमच्या चौघींच्या कंपनीने ‘झरोका’ नावाचा ब्राउझर काढला. अचानक वीज गेली तरी उघडी पानं त्यात जशीच्या तशी परत यायची. ही युक्ती आमच्यातल्या ऊर्मिलाताईंची. पुढे दिल्लीच्या एका बड्या कंपनीच्या ब्राउझरमध्येही ती दिसली, आणि नव्या शोधाच्या पुरस्कारासाठी परीक्षकांसमोर त्यांचे मेहरोत्रासाहेब गरजले, “कल्पना आमची. या पोरींनी नक्कल केलीय!”

परीक्षक आमच्याकडे वळले. आता झरोका कायमचा नकलाकार ठरणार! ओठांशी नेलेला पाण्याचा पेला मी तसाच खाली ठेवला.

ताई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, तुमचा ब्राउझर एरवी दर अर्ध्या तासाने उघडी पानं जपून ठेवतो. मग गुरुवारी सकाळी दर मिनिटाला कशाला?”

“सुरक्षेसाठी!”

“गुरुवारीच? दिल्लीत गुरुवारी असतं काय?”

साहेब समोरचे कागद चाळू लागले.

“आमच्याकडे पुण्यात दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून झरोक्यात मी तसं लिहिलं. युक्ती उचललीत ती उचललीत, साहेब, पण आमचा गुरुवारही सोबत नेलात!”

परीक्षकांना हसू आवरेना. पुरस्कारावर ताईंचं नाव लागलं, आणि पेल्यातलं पाणी मी एकदाचं प्यायले.