दोन नावांची तर

खाडीवरच्या सावरट ते कोंडुरे या तरीवर, म्हणजे होडीनं पार व्हायच्या वाटेवर, गेल्या वर्षी नवी फेरीबोट आली. लोखंडी, डिझेलची, एका खेपेला आठ मोटारी आणि शंभर माणसं नेणारी. तिच्या डाव्या कुशीवर ‘जाखाई’ असं नाव रंगवलेलं आहे आणि उजव्या कुशीवर ‘जुगाई’. पाहुणे बुचकळ्यात पडतात. बोट बांधणाऱ्या कारखान्यानंही म्हणे तीनदा पत्र पाठवून विचारलं होतं, की दोहोंतलं खरं नाव कोणतं? दोन्ही गावांनी तिन्ही वेळा एकच उत्तर धाडलं: दोन्ही खरी.

यामागची हकीकत तरीवरचे जुने नावाडी लवू तांडेल धक्क्यावर बसून सांगतात. त्यांनी ती आजोबांकडून ऐकली.

फार पूर्वी या खाडीवर दोन डोणी चालत. डोण म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी. कोंडुऱ्याची जाखाई आणि सावरटची जुगाई, दोघींना ग्रामदेवतांची नावं. जुगाई वल्हवायचा हरबा खारवी. त्याची थोरली लेक भागी पलीकडे कोंडुऱ्यात दिली होती, आणि तिचा नवरा सोनू जाखाई वल्हवायचा. एका काठाला बाप, दुसऱ्या काठाला नवरा. भागी स्वतः सुईण होती. दोन्ही गावांतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली.

माघातल्या एका सकाळी खाडीवर धुकं उतरलं. हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं. तरी दोन्ही डोणी माणसं भरून निघाल्या. भागी कोंडुऱ्याच्या काठावर उभी होती. मध्यावरून तिला एकच हाक ऐकू आली, “डावीकडं घे!” आणि मागोमाग लाकडावर लाकूड आदळल्याचा आवाज. अकरा माणसं बुडाली. त्यांत हरबा होता आणि सोनूही होता. डोणी तेवढ्या तडकलेल्या कुशींनी काठाला लागल्या.

मग दोन्ही गावांचे पंच भागीच्या दारात येऊन बसले. ओरडला तो सावध होता, ज्यानं ऐकलं नाही त्याची चूक, असा त्यांचा हिशेब.

“तू काठाला होतीस. हाक कुनाची?”

“मला नाय कळलं,” भागी म्हणाली.

कोणाला ते पटेना. कोंडुरेकर म्हणाले, बापाला झाकते. सावरटकर म्हणाले, नवऱ्याला झाकते. पण भागीला खरोखरच कळलं नव्हतं. जात्यावर बसली की ती हाक बापाची वाटे. पाण्याला गेली की नवऱ्याची. कधी मनाशी नक्की करावं आणि चूल पेटवेपर्यंत पुन्हा सगळं विस्कटावं. बापासाठी रडताना नवऱ्याचा अपराध केल्यासारखं वाटे, नवऱ्यासाठी रडताना बापाचा.

शेवटी देवीला कौल लावला. गुरवानं मूर्तीला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर चूक कोंडुऱ्याची, डावं पडलं तर सावरटची. असं सांगतात, की दोन्ही फुलं एकदमच पडली. गुरवानं साऱ्या हयातीत असं पाहिलं नव्हतं. तो कौल न सांगताच घरी गेला.

तर बंद झाली. एका गावचा माणूस दुसऱ्या काठाला उतरू द्यायचा नाही, असं दोन्हीकडे ठरलं. समोर दिसणाऱ्या गावाला जायला घाट चढून दोन दिवसांची वाट पडू लागली. अशी नऊ वर्षं गेली. डोणी रेतीत पालथ्या पडून वाळत राहिल्या.

दहाव्या वर्षी, एका दुपारी, सावरटच्या काठावर काठीला बांधलेलं तांबडं लुगडं हलताना दिसलं. भागीनं ते ओळखलं. धाकट्या बहिणीचं, यमुनेचं होतं. यमुना अडली होती आणि त्या काठाला दुसरी सुईण नव्हती.

भागी पालथी जाखाई सुलटी करू लागली. कोंडुऱ्याचे खोत राघो धावत आले. त्यांचा सख्खा भाऊ त्या अकरांत गेला होता.

“डोण नेलीस तर परत या काठाला लागू देणार नाय.”

“बरं,” भागी म्हणाली आणि निघाली. आपण बरोबर करतोय की नाही, हे तिला वल्हं मारतानाही उमगत नव्हतं.

तिकडून तिचा भाऊ गणबा यमुनेला जुगाईत घालून निघाला होता. कोंडुऱ्याच्या बाईला सावरटकर उतरू देणार नाहीत, हे तोही जाणून होता. मध्यावर दोघांची गाठ पडली तेव्हा दोन्ही डोणी पाणी घेत होत्या. कललं की तडा पाण्याखाली जायचा.

“कलू द्यायची नाय,” भागी म्हणाली. तिनं डोणी कुशीला कूस लावून उभ्या केल्या. दोघांनी सगळी वल्ही दोहोंवर आडवी टाकून दोरांनी आवळून बांधली. डोणी स्थिर झाल्या, तडे पाण्याच्या वर राहिले. पण आता वल्हवायला हातात काही नव्हतं. जायचं कुठे, ते ओहोटीच्या हाती. तशा तरंगतानाच यमुनेला मुलगा झाला.

ओहोटीनं त्यांना खाडीच्या मधल्या पुळणीवर नेऊन टेकवलं. पोराचा टाहो दोन्ही काठांना ऐकू गेला. पाणी पार उतरलं होतं; माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली. नऊ वर्षांनी दोन्ही गावं एका रेतीवर उभी राहिली. एका पंचानं विचारलं, “पोर कंच्या गावचं धरायचं?”

भागी थकली होती. “वल्ही बांधली तवा कंच्या काठाला जायचं ते मला ठावं नव्हतं. आता पन नाय. हाक कुनाची, ते बी नाय ठावं. डोणी सोडवायच्या तर सोडवा. मी इथनं हलत नाय.” आणि ती पोराला मांडीवर घेऊन डोणीच्या काठावर बसली.

भरती लागली. पाणी माणसांच्या घोट्यांना आलं, मग पोटऱ्यांना. कोणी दोर सोडेना, कोणी माघारीही जाईना. खोत राघो एकदा आपल्या काठाकडे बघत, एकदा त्या पोराकडे. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पागोटं डोक्याला घट्ट बांधलं आणि जाखाईला खांदा लावला. जुगाईला गणबानं लावला. बाकीचे मागून आले. आधी सावरटला जाऊन बाळंतीण उतरवली, मग कोंडुऱ्याला येऊन भागी.

डोणी पुन्हा सुट्या केल्याच नाहीत. तडे बुजवून दोहोंवर फळ्या ठोकल्या. तशी सांगड खाडीत कोणी पाहिली नव्हती. बैल जुंपलेली गाडी तिच्यावर चढली, गुरं चढली. पूर्वी ज्यांनी कधी खाडी ओलांडली नव्हती, अशी म्हातारी माणसंही निर्धास्त बसू लागली. भरती-ओहोटी बघून खेपांच्या वेळा ठरल्या, त्या दोन्ही गावांत दवंडी पिटून सांगितल्या.

भागी पुष्कळ जगली. हाकेचं तिला शेवटपर्यंत लोक विचारत आणि ती तेच सांगे. तिला माहीत होतं असं काही म्हणतात. देवीनं तिचा कान झाकला होता असंही काही म्हणतात. लवू तांडेलांना विचारलं, तर ते टोपी काढून डोकं खाजवतात.

बोट आता बारा मिनिटांत पार होते, तिकीट यंत्रातून निघतं. पण धक्का सुटल्यापासून पलीकडचा धक्का लागेपर्यंत आजही या तरीवर कोणी कोणाला ‘गाव कंचं?’ म्हणून विचारत नाही. नवख्या पाहुण्यानं विचारलंच, तर शेजारचा माणूस हसून पाण्याकडे बघतो आणि काठावर पाय ठेवल्यावर आपलं गाव सांगतो.